गेटवेवरचं 'एमसीएमएक्सआय' : रोमन आकडे आज नेमके कुठे लागतात?

मुद्रितशोधक | रविवार, रात्री ९:१०

काल नातीला घेऊन गेटवे ऑफ इंडियाला गेलो होतो. लाँचच्या रांगेत उभे असताना ती सारखी मान वर करून कमानीवरचा मजकूर वाचत होती. पाचवीत आहे. गणिताच्या पुस्तकात पहिलाच धडा रोमन संख्याचिन्हांचा, त्यामुळे डोळा तयार झालेला. "आजोबा, शेवटी एम सी एम एक्स आय लिहिलंय, ते कोणाचं नाव?"

(मोबाइलवर मराठी कळफलक आहे, म्हणून रोमन अक्षरं उच्चारतो तशी लिहितोय. सांभाळून घ्या.)

सम्राट पंचम जॉर्ज आणि राणी मेरी २ डिसेंबरला भारतात उतरले त्याच्या स्मरणार्थ, असा तो लेख आहे. तारीख शब्दांत आहे आणि साल रोमन आकड्यांत. मग तिथेच रांगेत बसून आम्ही ते सोडवलं. एम म्हणजे १०००. पुढे सी आणि एम, लहान अक्षर मोठ्याच्या आधी आलं म्हणून १००० वजा १००, म्हणजे ९००. एक्स दहा, आय एक. १९११. राजा उतरला त्या दिवशी ही कमान तिथे नव्हतीच, ती खुली झाली ४ डिसेंबर १९२४ ला, हे सांगितल्यावर तिने लगेच १९२४ लिहून मागितलं. एमसीएमएक्सएक्सआयव्ही. तिने अक्षरं मोजली. "सात! आणि आपल्या आकड्यांत चारच. मग कशाला असं लिहायचं?"

या प्रश्नाचं धड उत्तर मला देता आलं नाही, आणि कालपासून ते मनातून जात नाही. आयुष्यभर छापखान्यात मुद्रितं तपासली. इंग्रजी पुस्तकांच्या प्रस्तावनेची पानं लहान रोमन आकड्यांत असायची, मुख्य मजकूर सुरू झाला की साधा १ यायचा. मराठी पुस्तकांत मात्र प्रस्तावनेच्या पानांना आम्ही 'पाच', 'सहा', 'सात' असं अक्षरी घालायचो. म्हणजे रोमन आकड्याचं काम आम्ही शब्दांकडून करून घेत होतो, पण हे काम म्हणजे नेमकं काय, याचा विचार कधी केला नव्हता.

तुमच्या रोजच्या कामात हे आकडे कुठे भेटतात? उपयोग होतो की अडचण? अनुभव लिहा.

---

तबकडी | रविवार, रात्री ९:५२

काका, सुरुवात घड्याळापासून करते. वडिलांचं घड्याळदुरुस्तीचं दुकान होतं, मी काउंटरच्या मागे स्टुलावर बसून अभ्यास करायचे. शाळेत चार म्हणजे आय-व्ही शिकवलं आणि दुकानातल्या भिंतीवरच्या लंबकाच्या घड्याळात चाराच्या जागी चार उभ्या रेघा. मी वडिलांना म्हटलं, ही तबकडी चुकलीय. ते म्हणाले, सगळ्या बघ. खरंच, रोमन तबकड्यांची जवळपास सगळी घड्याळं तशीच होती.

कारण अनेक सांगतात. मला पटतं ते असं. चार रेघा घेतल्या की पहिल्या चार तासांत फक्त आय, पुढच्या चारांत व्ही, शेवटच्या चारांत एक्स, असे तबकडीचे सरळ तीन भाग पडतात. समोरच्या बाजूला आठाचा आकडा जाड असतो, त्याला तोलायला चार रेघा बऱ्या दिसतात. शिवाय तबकडीच्या खालच्या अर्ध्यात आकडे उलटे बसवलेले असतात. उलटा आय-व्ही आणि शेजारचा उलटा व्ही-आय पटकन ओळखून दाखवा. लंडनच्या बिग बेनवर मात्र चारासाठी आय-व्हीच आहे.

आणि चार रेघा ही घड्याळवाल्यांनी काढलेली टूम नाही. खुद्द रोमन लोकही सर्रास तसंच लिहीत. कोलोसियमच्या कमानींवर प्रवेशद्वारांचे क्रमांक कोरलेले आहेत, तिथे चार असाच आहे. वजाबाकीचा नियम आपण शाळेत जितका कडक शिकतो, तितका तो त्यांच्याकडे पाळला जात नव्हता.

तुमच्या नातीला सांगा, घड्याळात रोमन आकडा वाचायचाच नसतो. आपण काट्याची जागा बघतो. म्हणून तिथे तो टिकला.

---

कोयनाकाठ | रविवार, रात्री १०:३५

मी इमारतींचं स्ट्रक्चरल डिझाइन करतो. आमच्या कामात रोमन आकडा रोजचा आहे आणि तो हौस म्हणून ठेवलेला नाही. जरा सविस्तर लिहितो.

भूकंपाला दोन वेगळी मापं असतात. एक भूकंपाचं परिमाण, म्हणजे जमिनीखाली किती ऊर्जा सुटली ते. हे साध्या आकड्यात, दशांशचिन्हासह. किल्लारीचा ३० सप्टेंबर १९९३ चा भूकंप ६.२ चा. एका भूकंपाला हा आकडा एकच. दुसरं माप तीव्रतेचं, म्हणजे एखाद्या ठिकाणी माणसांना काय जाणवलं, घरांचं काय झालं. हे रोमन एक ते बारा. पाचला झोपलेली माणसं जागी होतात, सहाला गिलावा पडतो, आठला साध्या बांधकामाच्या इमारतींचं मोठं नुकसान होतं. हा आकडा गावागणिक बदलतो. किल्लारीत गणपती विसर्जन आटोपून लोक झोपले होते. पहाटे चारच्या सुमाराला दगडमातीच्या जाड भिंती आणि माळवदाचं ओझं अंगावर आलं. तोच भूकंप, तोच ६.२, पुण्यात काहींना नुसती जाग आली.

आता दोन्ही मापं साध्या आकड्यांत लिहिली असती तर काय झालं असतं? बातमीत "तीव्रता ७" वाचून कोणीही ते ६.२ पेक्षा मोठ्या भूकंपाचं परिमाण समजला असता. रोमन आकडा दिसला की जाणकाराला कळतं, हे परिणामांचं माप आहे आणि इथे साडेसात वगैरे काही नसतं. आपल्या बातम्यांत मात्र सगळं सरसकट "रिश्टर स्केलवर तीव्रता ६.२" असं छापतात. मला ते दर वेळी टोचतं, कारण त्या एका वाक्यात दोन्ही मापांची खिचडी होते.

तिसरी गोष्ट भूकंपप्रवण क्षेत्रांची, आम्ही 'झोन' म्हणतो, तेही रोमनमध्येच. २००२ च्या सुधारित नकाशात दोन ते पाच असे चारच झोन ठेवले, पहिला दुसऱ्यात मिसळला. त्यात कोयना चारमध्ये, मुंबई-पुणे तीनमध्ये. किल्लारी १९९३ पूर्वी सर्वांत कमी धोक्याच्या, पहिल्या झोनमध्ये होतं, ते तीनमध्ये आणलं. इथे एक फसगत आहे. झोन तीन म्हणजे तीव्रता तीन नव्हे. झोन तीनमध्ये साधारण सात तीव्रतेचा हादरा गृहीत धरतात, चारमध्ये आठ, पाचमध्ये नऊ आणि त्याहून जास्त. दोन रोमन मालिका शेजारी आल्या की शिकाऊ मुलं हमखास गोंधळतात. म्हणून आमच्या ऑफिसात नकाशावर नुसता रोमन आकडा लिहू देत नाही, आधी 'झोन' हा शब्द हवाच.

---

रसायनवाली | रविवार, रात्री ११:०५

कोयनाकाठ, अगदी हेच आमच्याकडे!

लोखंडाच्या गंजातलं ऑक्साइड घ्या. सूत्रात लोहाचे दोन अणू आणि ऑक्सिजनचे तीन, हे साध्या आकड्यांत. नावात मात्र 'आयर्न', पुढे कंसात रोमन तीन, मग ऑक्साइड. हा तीन अणूंचा नाही, तो लोहाची ऑक्सिडीकरण स्थिती, म्हणजे लोहाच्या एका अणूने किती इलेक्ट्रॉन दिले असं धरायचं, ते सांगतो. साधा ३ लिहिला असता तर मुलांनी तीन अणू वाचले असते. आल्फ्रेड श्टॉक या जर्मन रसायनतज्ज्ञाने १९१९ मध्ये ही पद्धत सुचवली. त्याआधीची फेरस-फेरिक नावं पाठ करावी लागत, प्रत्येक धातूची वेगळी.

वर्गात मी मोरचूद आणि हिराकस दाखवते. निळा मोरचूद म्हणजे कॉपर दोन सल्फेट, हिरवट हिराकस म्हणजे आयर्न दोन सल्फेट. नाशिककडची मुलं मोरचूद लगेच ओळखतात, द्राक्षबागेत चुन्याबरोबर कालवून बोर्डो मिश्रण करतात ना. मग मी क्रोमियमवर येते. क्रोमियम तीनचे क्षार कातडी कमावायला वापरतात. क्रोमियम सहा कर्करोगाला कारण होतो. धातू तोच, फरक त्या कंसातल्या रोमन आकड्याचा. हा तास मी कधी घाईत उरकत नाही.

---

आरवची_आई | सोमवार, सकाळी ६:४८

वरचे प्रतिसाद वाचून लिहावंसं वाटलं. माझ्या मुलाला हिमोफिलिया ए आहे. त्याच्या रक्तात गोठण्याचा आठवा घटक जवळजवळ नाही. गेली सात वर्षं घरात फॅक्टर एटच्या बाटल्या फ्रिजमध्ये अंड्यांच्या कप्प्याखाली असतात. लेबलवर तो आकडा रोमन असतो, व्ही आणि पुढे तीन रेघा.

गेल्या वर्षी परगावी लग्नाला गेलो होतो. रात्री त्याचा गुडघा टम्म सुजला. बरोबरचा साठा कमी होता म्हणून तिथल्या एका रुग्णालयात गेलो. कागदपत्रांत जुन्या डॉक्टरांची हाताने लिहिलेली चिठ्ठी होती, आणि तो आकडा नेमका घडीवर. घडीवरची शाई उडाली होती. व्ही आणि दोन रेघा दिसत होत्या, तिसरी नव्हती. ड्यूटीवरच्या मुलाने फोन लावला आणि मी त्याला "फॅक्टर सेव्हन आहे का" असं विचारताना ऐकलं. मी ओरडले, "सात नाही, आठ!" सातवा हा वेगळाच घटक आहे, तो वेगळ्या रुग्णांना देतात. फोन चालू असतानाच चूक दुरुस्त झाली, औषध बरोबरच मिळालं. पण ती एक रेघ माझ्या डोळ्यांसमोरून जात नाही.

सात, आठ आणि तेरा, तिन्ही घटक खरोखर आहेत. त्यांत फरक एखाद्या रेघेचा नाहीतर एका फुलीचा. त्यामुळे मला तरी औषधाच्या कागदावर हे आकडे नकोत.

---

नाडीपरीक्षा | सोमवार, सकाळी ८:२०

आरवची_आई, तुम्ही त्या क्षणी बोललात हे फार मोलाचं. तुमची काळजी रास्त आहे, डॉक्टर म्हणून मी पूर्ण सहमत आहे.

मागची हकीकत सांगतो. गोठण्याच्या एकाच घटकाला वेगवेगळ्या संशोधकांनी वेगवेगळी नावं दिली होती, कोण कशाबद्दल बोलतंय ते कळेना. मग आंतरराष्ट्रीय समितीने रोमन क्रमांक ठरवून दिले. सहावा घटक आज यादीत नाहीच, कारण तो पाचव्याचंच सक्रिय रूप निघाला. जागा रिकामी ठेवली, पुढचे क्रमांक सरकवले नाहीत. म्हणजे तो क्रमांक म्हणजे नाव झालं होतं. मेंदूतून निघणाऱ्या बारा नसांचंही तेच, कर्करोगाच्या टप्प्यांचंही.

ग्रंथात हे ठीक आहे. हाताने लिहिलेल्या चिठ्ठीवर नको. आमच्याकडे आय-व्ही म्हणजे शिरेतून द्यायचं औषध, हे आणखी वेगळं! आणि औषधांचं 'शेड्यूल एक्स' म्हणजे दहावं परिशिष्ट नव्हे, तिथे एक्स हे साधं अक्षर आहे. मी शिकवतो त्या मुलांना सांगून ठेवलंय, आकडा साधा लिहा, मात्रेचा तर नक्कीच.

---

हजेरीपट | सोमवार, दुपारी १:१५

शाळेच्या कार्यालयात काम करते. आमची इंग्रजी माध्यमाची शाळा, इयत्ता रोमनमध्ये लिहायची जुनी रीत. पूर्वी रजिस्टर होतं तेव्हा काही बिघडत नव्हतं. सगळं एक्सेलमध्ये आल्यावर यादी इयत्तेप्रमाणे लावली की नववी चौथीनंतर आणि पाचवीच्या आधी येते. संगणकाला ती अक्षरंच वाटतात, आणि आय-एक्स हे व्ही च्या आधी येणारच. शिष्यवृत्तीची यादी पाठवताना दोनदा नववीची मुलं मध्येच घुसली. आता आत साधा आकडा ठेवते आणि छापताना एक्सेलच्या रोमन या सूत्राने बदलून घेते. ते ३९९९ पर्यंत चालतं, आपल्याला बारापर्यंत पुरे.

---

श्रवण | सोमवार, दुपारी २:४०

मला दिसत नाही, स्क्रीन रीडरवर वाचतो. माझ्याकडे रोमन आकडे बहुतेक वेळा अक्षरं म्हणून कानावर येतात. 'चार्ल्स आय आय आय'. संदर्भाने कळतं, पण लांब कायद्याच्या मजकुरात उपखंडांची यादी ऐकताना 'आय, आय आय, आय आय आय, आय व्ही' असं एकसारखं ऐकून कितवा चाललाय ते हातातून निसटतं. मुद्रितशोधक काकांनी ज्या रोमन अक्षरांचे उच्चार लिहिलेत, ते आज मला सगळ्यांसारखेच वाचता आले. माझ्यासाठी हा धागा फार सोपा गेला.

---

कलम_पोटकलम | सोमवार, सायंकाळी ७:३०

श्रवणदादा, कायद्याचं मराठीत भाषांतर करते, त्यामुळे तुमच्यासाठी हे आवर्जून लिहिते. मराठी अधिनियमांत तुम्हाला हा त्रास कमी व्हायला हवा. इंग्रजीत कंसात लहान रोमन एक, दोन, तीन असतात तिथे मराठीत आम्ही कंसात 'एक', 'दोन', 'तीन' असं अक्षरीच लिहितो. कलमाला ४, पोटकलमाला (१), खंडाला (क), उपखंडाला (एक). चार पायऱ्या आणि चार वेगळ्या खुणा. कोर्टात वकील "पोटकलम एक, खंड क, उपखंड एक" असं न म्हणता नुसता कागद पुढे करतात, तेव्हाही न्यायाधीशांना पायरी दिसते.

संविधानाचंही तसंच. इंग्रजी प्रतीत मूलभूत हक्क रोमन तीन या भागात. ४२ व्या दुरुस्तीने १९७६ मध्ये मूलभूत कर्तव्यं आली ती रोमन चार आणि ए. मराठीत तो 'भाग चार-क'. अनुच्छेदांचे क्रमांक मात्र सरळ आकड्यांत. म्हणून 'भाग तीन, अनुच्छेद २१' म्हटलं की दोन क्रमांक एकमेकांत मिसळत नाहीत.

मुद्रितशोधक काका, तुमच्या प्रस्तावनेच्या पानांचं आणि आमच्या उपखंडांचं काम एकच आहे असं मला वाटतं. पहिली मालिका व्यापलेली असते, म्हणून दुसरी लागते.

---

मांडवीतीर | सोमवार, रात्री ९:०५

मुद्रितशोधकबाब, गोव्यातून लिहितो. आमच्या आजीच्या पेटीत १८८१ चा पोर्तुगीज अमदानीतला रुपया आहे. त्यावर राजाचं नाव लॅटिनमध्ये, लुदोविकस, पुढे रोमन एक, म्हणजे दों लुईस पहिला. आणि साल साध्या आकड्यांत १८८१. एकाच नाण्यावर दोन्ही. तुमच्याकडच्या जुन्या रुपयांवरही सातव्या एडवर्डच्या नावापुढे रोमन सात आणि टंकसालीचं साल साधं असतं, बघा मिळालं तर.

घरातल्या पोर्तुगीज पुस्तकांत शतकंही रोमनमध्येच, सोळावं शतक म्हणजे एक्सव्हीआय. पोर्तुगीज, स्पॅनिश, फ्रेंचमध्ये आजही तशीच रीत. वडील म्हणायचे, नजर पानावरून नुसती फिरवली तरी शतक कुठलं आणि साल कुठलं ते वेगळं उठून दिसतं.

---

धावपट्टी | सोमवार, रात्री ९:४०

थोडक्यात खेळांचं. २०२४ चं पॅरिस म्हणजे तेहतिसावं ऑलिंपियाड, रोमनमध्ये तीन एक्स आणि तीन आय. पण प्रत्यक्ष भरलेल्या उन्हाळी स्पर्धा तीस. १९१६, १९४० आणि १९४४ च्या स्पर्धा महायुद्धांमुळे झाल्या नाहीत, तरी क्रमांक चार वर्षांच्या कालखंडाला असल्याने ती तिन्ही धरली जातात. हिवाळी स्पर्धांत मात्र भरलेल्याच मोजतात. सुपर बोलने, म्हणजे अमेरिकन फुटबॉलच्या दरवर्षीच्या अंतिम सामन्याने, २०१६ मध्ये पन्नासाव्या वर्षी नुसतं 'एल' न लिहिता साधं ५० लिहिलं होतं.

आणि आपलं क्षेपणास्त्र अग्नी रोमन पाच, पण चांद्रयान साधं ३.

---

रायसीना | सोमवार, रात्री १०:१०

दिल्लीत असतो. काका, नातीला दिल्लीला आणाल तेव्हा इंडिया गेटवर वर बघायला सांगा. 'इंडिया' या शब्दाच्या एका बाजूला एमसीएमएक्सआयव्ही आहे, दुसऱ्या बाजूला एमसीएमएक्सआयएक्स. कोणती सालं ते तिला सोडवू द्या.

---

मुद्रितशोधक | मंगळवार, सकाळी ७:५५

रायसीना, काल रात्रीच सोडवायला दिलं. पहिलं १९१४ पटकन आलं. दुसऱ्यापाशी ती थांबली, मग म्हणाली, "शेवटचं एकच अक्षर वेगळं आहे! व्ही च्या जागी एक्स, की चारचे नऊ." युद्ध १९१८ ला संपलं ना, मग १९१९ का, असं तिच्या बाबाने विचारलं. तेव्हा सांगितलं की तिसऱ्या अफगाण युद्धात पडलेल्या सैनिकांचीही तिथे आठवण आहे, आणि ते युद्ध १९१९ चं.

तिच्या 'कशाला असं लिहायचं' ला आता माझ्याकडे उत्तर आहे, ते तुम्हा सगळ्यांमुळे. भूकंप, गंज, नाणं, उपखंड, सगळीकडे साधा आकडा आधीच एका कामात गुंतलेला आहे आणि शेजारी दुसरी ओळख हवी आहे. तिथे रोमन आकडा शोभतो, कारण त्याची कोणी बेरीज करायला जात नाही. मात्र कलम_पोटकलम ताईंनी लिहिलं तशी मराठीची दुसरी मालिका आपल्याकडे तयार आहे, अक्षरी. मराठी मजकुरात मी तीच वापरीन. रसायनवाल्यांच्या आणि कोयनाकाठच्या शास्त्रात जिथे जगाने एक खूण ठरवली आहे तिथे ती तशीच राहू दे.

आरवची_आई, तुमचा प्रतिसाद मी तीनदा वाचला. छापखान्यात एक रेघ उडाली तर शुद्धिपत्र काढता येतं, तुमच्याकडे तशी सोय नाही. एक सुचवू का? आपण चेकवर रक्कम कशी लिहितो, एकदा अंकी आणि एकदा अक्षरी, तसं फाइलच्या पहिल्याच पानावर करा. एक पुसलं तर दुसरं उरतं. आणि घडी पडेल तिथे मजकूर येऊ देऊ नका.

---

आरवची_आई | मंगळवार, रात्री ८:३०

काका, आज डॉक्टरांकडून नवीन चिठ्ठी छापून घेतली आणि तिच्यावर सही-शिक्का घेतला. फाइलच्या आतल्या पुठ्ठ्यावर, फ्रिजच्या दारावर आणि आरवच्या शाळेच्या ओळखपत्राच्या मागे मार्करने लिहिलंय : हिमोफिलिया ए, फॅक्टर ८, अक्षरी आठ. ओळखपत्रावरचं त्याने स्वतः लिहिलं.